निरोप देणं वेगळं, आठवण ठेवणं वेगळं

अंत्यविधी उरकतो, माणसं पांगतात आणि घरच्यांनी आता सावरावं अशी अपेक्षा सुरू होते. वर्षभराने गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला कुणी रजा टाकली, की ‘अजून त्यातून बाहेर आलेली दिसत नाही’ अशी कुजबुज. अंत्यविधीकडून आपण नको तेवढं मागतो आणि स्मरणाकडे उगाच संशयाने बघतो, कारण दोन्हींचं काम एकच आहे असं धरून चालतो.

अंत्यविधीचं पहिलं काम म्हणजे मृत्यू झाला आहे हे पटवणं. हॉस्पिटलमधून फोन आला, कागदांवर सह्या झाल्या, तरी संध्याकाळी दाराची बेल वाजली की तोच आला असं वाटतं. निश्चल देह डोळ्यांनी पाहणं, कपाळाला हात लावल्यावर जाणवलेला गारठा, चार लोकांसमोर ‘गेला’ असं स्वतःच्या तोंडून निघणं, यातून ती बातमी अंगात मुरायला लागते. दुसरं काम भोवतालच्या माणसांचं. कालची पत्नी आज विधवा आहे, थोरल्या मुलीवर आता घराची जबाबदारी आहे, हे सगळ्यांनी एकत्र येऊन मान्य करायचं असतं. लोकसंस्कृतीचे अभ्यासक आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या अशा सगळ्याच विधींचे तीन टप्पे मांडले: तुटणं, मधली अवस्था आणि पुन्हा सामावलं जाणं. मृत्यूच्या विधींत तुटण्याचा भाग सगळ्यात ठळक असेल असं कुणालाही वाटेल. त्यांना उलटंच दिसलं. तो भाग तुलनेने साधा, आणि सगळा पसारा पुढच्या दोन टप्प्यांचा.

या कामाला मुदत असते. देह थांबत नाही. सगळे निर्णय काही तासांत, फार तर काही दिवसांत, आणि तेही बधिर झालेल्या माणसांनी घ्यायचे. त्या दिवशी कोण कोण आलं होतं हे पुष्कळांना नंतर आठवतही नाही. असा एक दिवस दुःख संपवेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची. अंत्यविधीचा घरच्यांच्या शोकावर काय परिणाम होतो, यावरच्या अभ्यासांचा एक आढावा २०२० मध्ये घेतला गेला. आकडेवारीतून ठाम उत्तर निघालं नाही. लोकांच्या सांगण्यातून मात्र एवढं दिसलं, की विधीत आपलं काही चाललं का, मनासारखा निरोप देता आला का, यावर बरंच अवलंबून असतं. आजोबांना कुठला शर्ट घालायचा हे नातीला विचारलं जाणं मला म्हणूनच बडेजावापेक्षा मोलाचं वाटतं.

स्मरणाला घाई नाही. गेलेल्या माणसाशी असलेलं नातं आता कसं सांभाळायचं, एवढाच त्याचा प्रश्न. इथे मानसशास्त्रानेही बराच काळ घोळ घातला. शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं, असं फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये मांडलं. १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी इन्फ्लुएंझाने गेली. एप्रिल १९२९ मध्ये, ज्या दिवशी ती ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्यांनी मुलगा गमावलेल्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं: ही जागा कशानेही पूर्ण भरत नाही, आणि तसंच असायला हवं, ते प्रेम टिकवण्याचा तोच मार्ग आहे. मन सोडवून घेण्याचा सिद्धान्त मांडणारा बाप नऊ वर्षांनीही लेकीचं वय मोजत होता. मृताशी नातं चालू ठेवणं हे आजाराचं लक्षण नाही, हे अभ्यासातून ठामपणे मांडायला डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांचं १९९६ मधलं काम यावं लागलं. (नकारापासून स्वीकारापर्यंतच्या, एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या प्रसिद्ध पाच पायऱ्या तर मुळात मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या.)

स्मरणाला पुरोहित लागत नाही की गर्दी. मायकेल नॉर्टन आणि फ्रान्चेस्का जिनो यांनी लोकांना विचारलं, की जवळचं माणूस गेल्यावर तुम्ही काय करता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेकांनी सांगितलेले विधी एकांतातले, स्वतःच घडवलेले होते. एक जण पंधरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी केस कापायला जात होता, कारण तो आणि गेलेलं माणूस तसे जोडीने जात असत. बाहेरच्याला हे केस कापणंच दिसणार. अशा कृतींमुळे हातातून निसटलेलं काहीतरी पुन्हा ताब्यात आल्यासारखं वाटतं आणि दुःख जरा सोसवतं, असा त्यांचा निष्कर्ष.

देहच मिळत नाही, तेव्हा या दोन्हींतला फरक उघडा पडतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कमध्ये २,७५३ माणसं गेली. त्यातल्या सुमारे ११०० जणांच्या अवशेषांची ओळख अजून पटलेली नाही. त्याच ऑक्टोबरात कुटुंबांना त्या जागेवरची माती छोट्या कलशांतून देण्यात आली. फोटो, आठवणी, कपाटातले कपडे त्यांच्याकडे होतेच. नव्हतं ते निरोप द्यायला हातात धरता येईल असं काही. आठवण कितीही जिवंत असली, तरी ती निरोपाची जागा घेत नाही. बेपत्ता माणसांच्या घरी ही अडचण वर्षानुवर्षं असते. पॉलीन बॉस यांनी अशा कुटुंबांवर आयुष्यभर काम केलं. हुकलेला निरोप उशिरा देता येतो, हे मात्र लक्षात ठेवावं. २०२० मध्ये साथीच्या निर्बंधांमुळे अंत्यविधीला जाता न आलेल्या कित्येकांनी नंतर सवडीने माणसं जमवली.

आठवणीत रमणं कधी काळजीचं, याचं उत्तर तारखेवर नाही. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं, की शोकातलं माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांच्यात ये-जा करत असतं. ही ये-जा थांबली तर चिंता. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत लांबलेल्या शोकाच्या विकारासाठी किमान सहा महिने धरले आहेत, अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये मोठ्यांसाठी बारा. पण नुसता काळ पुरत नाही. तीव्र ओढ जवळजवळ रोजची असावी लागते, आणि काम, घर, माणसं ठप्प झालेली असावी लागतात. अशा माणसाला आणखी एखादा विधी सुचवण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलेलं बरं.