दोन खांडी: टेसलचं बेट आणि झेलंडची बेटं

नेदरलँड्समध्ये घरी पाहुणे आले आणि हवा जरा बरी दिसली, की समुद्राकाठच्या बेटावर जायचा बेत निघतोच. एकजण म्हणतो टेसलला जाऊ, दुसरा म्हणतो झेलंडला, आणि तिसरा विचारतो, ‘दोन्ही एकच ना?’ त्याचं काही चुकत नाही. दोन्हीकडे वाळूच्या टेकड्या, दीपगृह, मेंढ्या, सायकली, शिंपले आणि माणसाला ढकलत नेणारा वारा. फोटोंवरून तर फरक कळतच नाही.

फरक पायाखाली आहे. टेसलवर बहुतेक ठिकाणी पायाखाली वाळू लागते, झेलंडमध्ये चिकणमाती. एक बेट समुद्राने वाळूचं रचलं आणि त्याची मोडतोड अजून चालू आहे. दुसरीकडे माती समुद्रानेच आणून टाकली, पण तिची हद्द माणसांनी बांध घालून ठरवली.

आधी नावांचा घोळ मिटवू. लिहिताना ‘टेक्सेल’ असं दिसतं, पण बेटावरची माणसं ‘टेसल’ म्हणतात. देशाच्या वायव्य टोकाला सुरू होणाऱ्या वाडन बेटांच्या माळेतलं हे पहिलं आणि सगळ्यांत मोठं डच बेट. पुढे फ्लीलांड, टेरस्खेलिंग, आमेलांड आणि स्खिरमोनिकओख. झेलंड हे मात्र एकच बेट नव्हे. तो नैऋत्येचा अख्खा प्रांत आहे आणि वाल्खरन, झाउड-बेवेलांड, थोलन, स्खाउवन-डाउवलंड अशी त्याची बेटं आहेत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन ज्या बेटावर आहे त्याचं नावही जवळजवळ असंच लिहितात, म्हणून तिकीट काढताना नकाशा बघावा. झेलंडमधलं मी स्खाउवन-डाउवलंडच घेतो, कारण टेसलच्या शेजारी ठेवून बघायला ते सगळ्यांत बोलकं आहे. त्याला नुसतं स्खाउवन म्हणतो.

टेसलला बोटीनेच जावं लागतं. डेन हेल्डरहून सुटलेली बोट वीसेक मिनिटांत पोचवते. ती चालवणारी कंपनी १९०७ साली बेटकऱ्यांनीच एकत्र येऊन काढली आणि अजूनही बरीचशी त्यांच्याच हातात आहे. त्या वीस मिनिटांत मार्सडीपच्या सामुद्रधुनीतलं पाणी कसं खेचतं ते डेकवरून दिसतं. स्खाउवनला जायला बोट लागत नाही. १९६५ साली झालेल्या पाच किलोमीटर लांबीच्या झेलंड पुलावरून गाडी सरळ बेटावर उतरते. दुसऱ्या बाजूंनी बांधांवरचे रस्ते आहेत. नकाशात बघितलं तर आता हे मुख्य भूमीला चहूकडून शिवलेलं आहे, तरी तिथली माणसं स्वतःला बेटकरीच म्हणवतात. मला ते पटतं. पाणी सगळ्या बाजूंनी आहे याची आठवण जिथे रोज ठेवावी लागते, ते बेटच.

आता टेसल. हिमयुगानंतर समुद्र वर चढत गेला, किनाऱ्यालगतच्या वाळूच्या रांगांना जागोजागी वाट पडली आणि मागे उथळ वाडन समुद्र तयार झाला. हा समुद्र ओहोटीला बराचसा कोरडा पडतो, मैलोन्‌मैल चिखलवाळूचं मैदान उघडं होतं आणि लाखो पक्षी तिथे खायला उतरतात. २००९ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या माळेतली बेटं एका जागी बसत नाहीत. फ्लीलांडच्या पश्चिम टोकाला एक गाव होतं, अठराव्या शतकात ते समुद्राने गिळलं. उलट टेसलच्या दक्षिण टोकाला वाळूचे दांडे येऊन चिकटतात आणि पुळण रुंद होत जाते.

पण टेसल नुसतं वाळूचं म्हटलं तर तेही खोटं ठरेल. बेटाच्या मध्याजवळ होख बेर्ख नावाचा, म्हणजे ‘उंच डोंगर’ नावाचा, जेमतेम पंधरा मीटरचा उंचवटा आहे. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीच्या हिमनदीने ढकलत आणलेली ती माती आणि दगड. तिथल्या विहिरींचं लोहयुक्त पाणी पिंपात बरेच दिवस टिकायचं, म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं टेसलच्या पूर्वेला नांगर टाकून अनुकूल वाऱ्याची वाट बघत आणि तेच पाणी भरून आशियाकडे निघत. सतराव्या शतकात याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती. आणखी एक: टेसलचं उत्तर टोक, आयरलांड, हे मुळात वेगळं बेट. १६३० च्या सुमारास वाळूचा बांध घालून ते टेसलला जोडलं.

त्या जोडाच्या बाजूलाच स्लुफ्टर आहे. टेसलवर एकच जागा बघायला वेळ असेल तर ही बघा.

एकोणिसाव्या शतकात तिथे समुद्राच्या आणखी जवळ नवा बांध घातला होता. १८५८ साली समुद्राने तो फोडला. कोकणात खारबांधाला पडलेल्या अशा भगदाडाला खांड म्हणतात. खांड पडली की गाव टोपल्या-फावडी घेऊन धावतं, कारण पुढच्या उधाणाच्या आत ती बुजली नाही तर शेत गेलं. टेसलवरही ती बुजवायचे प्रयत्न झाले आणि फसले. शेवटी मागचा बांध पक्का करून पुढची खांड समुद्राला सोडून दिली.

मागच्या बांधाच्या पायऱ्या चढून वर गेलं की समोर टेकड्यांची रांग आणि तिच्या मधोमध एक रिकामी जागा दिसते. भरतीला त्या वाटेने पाणी आत येतं, नागमोडी ओढ्यांमधून पसरतं आणि ओहोटीला त्याच ओढ्यांनी परत जातं. आम्ही गेलो तेव्हा पाणी नुकतंच उतरलं होतं. ओढ्याच्या काठावर बोटभर जाडीची करडी साय साचली होती, दाबली की बुळबुळीत, वाळलेल्या ठिकाणी पापुद्र्यासारखी निघणारी. तिच्यातूनच मीठ सोसणारी रोपं वर आली होती. समुद्र इथे दर उधाणाला थोडा गाळ ठेवून जातो आणि गवत तो धरून ठेवतं. जमीन अशी आपणहून वर येत राहते.

ही करडी साय डोक्यात ठेवून स्खाउवनला चला, कारण झेलंड याच सायीचं बनलं आहे.

स्खेल्ड आणि मास या नद्यांच्या मुखांशी भरतीने शतकानुशतकं गाळ टाकला. गाळ पुरेसा वर आला की लोकांनी त्याला बांध घातला, आत शेती केली. या बंदिस्त जमिनीला डच लोक पोल्डर म्हणतात. गोव्याची खाजनं आणि रायगडची खारबंदिस्ती ज्याने पाहिली आहे त्याला पोल्डर समजावून सांगावा लागत नाही. ओहोटीला आपोआप उघडून आतलं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला मिटणारं दार, गोव्यातलं मानस, रायगडातली उघाडी, त्याच तत्त्वावरची दारं झेलंडमध्येही होती. खाऱ्या पाण्याशेजारी शेती करणाऱ्यांना दोन्हीकडे एकच उपाय सापडला.

पण बांध घातला की आतली जमीन वाढायची थांबते. नवा गाळ येत नाही, माती सुकते, दबते. बाहेर मात्र समुद्र गाळ टाकतच राहतो. म्हणून झेलंडमध्ये सगळ्यांत जुने पोल्डर सगळ्यांत खाली असतात, आणि नंतर बांधलेले त्यांच्याहून उंच. जितकी वर्षं सुरक्षित राहिलात, तितके खोल बसलात. हे कळलं की इथल्या खांडीची भीती वेगळी का आहे ते कळतं.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. स्खाउवन जवळजवळ सगळं बुडालं. आउवरकेर्क गावाजवळची खांड तर महिनोन्‌महिने बुजेना. रोज दोनदा भरती-ओहोटी तिच्यातून आत-बाहेर करत होती आणि तळ खोल खोल खणत होती. शेवटी इमारतीएवढ्या चार काँक्रीटच्या पेट्या तरंगत आणून तिथे बुडवल्या. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या कृत्रिम बंदरासाठी आखलेल्या पेट्यांच्या जातीच्याच. ६ नोव्हेंबर १९५३ ला खांड बुजली. फुटल्यापासून नऊ महिने लोटले होते.

त्या पेट्या अजून तिथेच आहेत, बांधाचा भाग होऊन. आत आता त्या पुराचं संग्रहालय आहे. आतली थंड हवा आणि ओलसर काँक्रीटचा वास बाहेर आल्यावरही बराच वेळ सोबत राहतो. एका अंधाऱ्या पेटीत गेलेल्यांची नावं आहेत. मागच्या बाजूला पाण्याने खणलेली खोल तळी तशीच राहिली आहेत, भोवती झाडी वाढली आहे, माणसं तिथे कुत्री फिरवायला येतात.

मग टेसल म्हणजे समुद्राला वाट देणं आणि झेलंड म्हणजे वाट अडवणं, असं म्हणून सोडता येईल का? नाही. टेसलच्या पूर्वेचे पोल्डरही बांधाआडच आहेत, आणि १९५३ च्या त्याच रात्री तिथलाही एक बांध फुटून माणसं गेली. झेलंडनेही सगळंच अडवलेलं नाही. पुरानंतर खाड्यांची मुखं बंद करायची योजना झाली, तेव्हा ओस्टरस्खेल्ड या खाडीचं मुखही कायमचं बुजवायचं ठरलं होतं. कालवं-शिंपल्यांवर जगणारे लोक आणि निसर्गप्रेमी त्याच्या विरोधात उभे राहिले. सत्तरच्या दशकात आराखडा बदलला आणि ६५ खांबांमध्ये ६२ पोलादी दारांची भिंत उभी राहिली, १९८६ साली तिचं उद्घाटन झालं. एरवी दारं वर असतात, भरती-ओहोटी चालू राहते. पाणी सरासरी पातळीच्या तीन मीटर वर चढेल असा अंदाज आला की ती खाली येतात, साधारण वर्षातून एकदा. नेदरलँड्समधलं कुठलंही बांधकाम मला इतकं आवडलेलं नाही. तरी त्याचीही किंमत आहेच: प्रवाह मंदावल्यामुळे खाडीतली वाळूची मैदानं झिजताहेत. तिथे याला ‘वाळूची भूक’ म्हणतात.

घोळात भर घालणारं एक रोपही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये स्लुफ्टर ज्या फुलांनी जांभळं होतं त्यांना ‘लाम्सओर’ म्हणतात, म्हणजे कोकराचा कान. झेलंडच्या बाजारात त्याच नावाने खारट पालेभाजी मिळते, लोण्यावर परतली की माशासोबत फार छान लागते. पण ती दुसऱ्याच रोपाची पानं, खाऱ्या जमिनीतल्या ॲस्टरची. भाजी बाजारातूनच घ्या. स्लुफ्टरमध्ये काही खुडायचं नसतं.

कुठे जायचं? मुलं सोबत असतील आणि एकच सुट्टी असेल तर टेसल. बोट, सायकल, दे कोख गावाजवळचं सील प्राण्यांचं केंद्र आणि स्लुफ्टर, एवढ्यात दोन दिवस भरतात. सोबत आईबाबा असतील, ज्यांनी कधी खारबांध बघितलाय, उधाणाची रात्र जागून काढलीय, तर त्यांना स्खाउवनला न्या. सकाळी आउवरकेर्क, दुपारी झीरिकझे गावात शिंपले, संध्याकाळी त्या दारांच्या भिंतीवर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा दिवस मिळाला तर उत्तम, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीत पाण्याचा जोर तेवढा दिसत नाही. दारांखालून खाडीत घुसणारं पाणी बघायला रस्त्याच्या कडेने थोडं चालावं लागतं, आणि वारा असला की एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागतं.