राख उरते की मणी?

कापडाच्या धंद्यात सूत ओळखायची जुनी पद्धत आहे: धागा ओढायचा आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, आणि टोकाला कडक मणी उरतो. वॉशिंग मशिनच्या जाळीत साठणाऱ्या करड्या लगद्याचीही हीच परीक्षा घेता येते. लगदा वाळवायचा, चिमट्यात धरायचा आणि मुलांना लांब ठेवायचं. सोलापुरी चादरी, टॉवेल धुतले असतील तर राख. टेरिकॉटचे गणवेश, लेगिंग, रोजच्या सिंथेटिक साड्या धुतल्या असतील तर मणी.

तो मणी ज्या तंतूंचा झाला, तेच मायक्रोप्लास्टिक. ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला आज हे नाव आहे. २००४ साली ब्रिटनमधल्या प्लिमथच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधाने ते सर्वतोमुखी केलं. प्लिमथमध्येच २०१६ साली दिसलं, की ॲक्रिलिकचे ६ किलो कपडे एकदा धुतले तर ७ लाखांवर तंतू सुटू शकतात. सुती तंतूही सुटतात, पण ते जिवाणू कालांतराने खाऊन टाकतात. पॉलिस्टरच्या वाट्याला कुणी फारसं जात नाही. त्याचा तंतू बहुधा १० ते २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यामुळे जाळीत अडकतात त्याहून कितीतरी जास्त तंतू गटारात जातात.

पुढे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र लागतं. चांगलं केंद्र ९० टक्क्यांहून जास्त कण अडवतं. ऐकायला छान वाटतं, पण अडवलेले कण तळाच्या गाळात बसतात आणि तोच गाळ खत म्हणून शेतात गेला, तर सगळी मेहनत मातीत! शेतात आधीच मल्चिंग पेपरच्या, म्हणजे पिकाभोवती अंथरायच्या प्लास्टिकच्या, चिंध्या असतात. उन्हाने ठिसूळ होऊन त्यांचाही भुगा होतो. रस्त्यावर घासणारे टायर वेगळेच, आणि ती धूळ सोलापूरच्या उन्हाळी वाऱ्याला उचलायला जड नाही.

उजनीचं उदाहरण घ्या. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून धरणात येतं. वाहतं पाणी थांबलं की जड कण खाली बसतात. पॉलिस्टर पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड. कॅरीबॅगचं पॉलिथिन हलकं, म्हणून तरंगतं. पण त्यावर शेवाळ चढलं की तेही बुडतं.

मग पाण्यातून हे काढायचं कसं? जुनी तुरटी इथे कामाला येते. बहुतेक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कणांचे पुंजके होतात, खाली बसतात आणि उरलेले वाळूच्या गाळणीत अडकतात.

घरच्या घरी करण्याजोगा उपाय २०२४ साली चीनच्या ग्वांगझू शहरातल्या संशोधकांनी मांडला. जड पाणी उकळलं की त्यातला चुना स्फटिक होऊन वेगळा पडतो आणि पडताना प्लास्टिकच्या कणांना कवच घालतो. बऱ्यापैकी जड पाण्यात ९० टक्क्यांपर्यंत कण निघाले, मऊ पाण्यात जेमतेम २५ टक्के. बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर बसतो म्हणून आपण कुरकुरतो; तो थर इथे उपकारकच. पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळा, निवू द्या, न ढवळता वरचं सुती फडक्यातून गाळून घ्या.

जपानमध्ये २०१६ साली बाटलीचं प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला, पण तो धरणं साफ करेल ही आशा मला भाबडी वाटते. पातळ फिल्म पचवायला त्याला आठवडे लागले, तेही प्रयोगशाळेच्या उबेत. त्यापेक्षा फ्रान्सचा मार्ग सरळ आहे: नव्या वॉशिंग मशिनना तंतू अडवणारा फिल्टर हवाच, असा कायदा त्यांनी २०२० सालीच केला. आपल्याकडे तसा फिल्टर येईपर्यंत मशिन पूर्ण भरून, थंड पाण्यात, कमी वेळाच्या सायकलवर लावलं तरी तंतू कमी सुटतात. आणि जाळीतला लगदा नळाखाली धुऊ नका. तसं केलंत तर तो गटारातच जातो. वाळवून सुक्या कचऱ्यात टाका.