कलम ६६-अ: रद्द झालेल्या कलमाची कुळकथा

इंटरनेटवरून ‘अतिशय आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरवलेले कलम ६६-अ त्यानंतरही कित्येक वर्षे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या छापील प्रतीत जागच्या जागी होते. मजकूर पूर्ण, शिक्षा पूर्ण, आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक टीप की हे कलम रद्द झाले आहे. २०२१ मध्ये महान्यायवादींनी खुद्द सर्वोच्च न्यायालयासमोर हीच अडचण मांडली: पोलिस ठाण्यातला अधिकारी कलम बघतो, तळटिपेपर्यंत जात नाही. इंटरनेटवर लिहिणाऱ्यांना आपल्याकडे शिक्षा होते ती कशी, हे पाहायचे असेल तर या एका कलमाचा माग काढावा. दोषी ठरून तुरुंगात गेलेले त्यात फारसे सापडत नाहीत. निकाल लागण्याआधीच ज्यांचे भोगून झाले होते, असे मात्र पुष्कळ सापडतात.

कलमाची भाषा आपली नव्हे. ब्रिटनमध्ये १९३५ साली पोस्ट ऑफिसच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि टेलिफोनवरून ‘अतिशय आक्षेपार्ह’, अश्लील किंवा धमकीवजा संदेश पाठवणे गुन्हा ठरले. एका माणसाने दुसऱ्याला नको असताना केलेला फोन, एवढेच चित्र तेव्हा डोळ्यांसमोर होते. तेच शब्द फिरत फिरत ब्रिटनच्या २००३च्या दळणवळण कायद्यात आले, तिथे कमाल शिक्षा सहा महिने. भारतात येताना ती तीन वर्षे झाली. आणि फोनवरचे खासगी बोलणे व चारचौघांत मांडलेले मत यांतला फरक वाटेत कुठेतरी गळून पडला.

२०००चा मूळ कायदा लिहिणाऱ्यांवर डोळा ठेवून केलेला नव्हता. १७ ऑक्टोबर २००० रोजी तो लागू झाला तो ई-व्यापार आणि डिजिटल सहीसाठी. मजकुराबद्दल त्यात मुख्यतः कलम ६७ होते, तेही अश्लीलतेपुरते. २००४ मध्ये एक अश्लील चित्रफीत लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला आली, त्या संकेतस्थळाच्या प्रमुखालाच अटक झाली आणि कायदा दुरुस्त करायला हवा यावर एकमत झाले. २००६ मध्ये विधेयक आले आणि समितीकडे गेले. ते मंजूर झाले मात्र मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता तेव्हा: २२ डिसेंबर २००८ला लोकसभेत, २३ला राज्यसभेत. लोकसभेत तर गोंधळातच, चर्चेविना. २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले.

६६-अ मध्ये तीन गोष्टी होत्या. अतिशय आक्षेपार्ह किंवा धमकीवजा मजकूर पाठवणे. खोटा आहे हे माहीत असून त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, धमकी, वैर, द्वेष किंवा दुर्भावना पसरवण्यासाठी वारंवार मजकूर पाठवणे. आणि त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याबद्दल फसवण्यासाठी ई-मेल पाठवणे. तिसरा भाग स्पॅम आणि फसव्या मेलसाठी होता, त्याला कोणी हरकत घेतली नसती. गोम दुसऱ्या भागातल्या यादीत. ‘धोका’ आणि ‘गैरसोय’ एकाच ओळीत, दोन्हींना तीन वर्षे. राजकीय व्यंगचित्राने कोणाची तरी गैरसोय झाली नाही, तर ते व्यंगचित्र कसले?

शब्दांपेक्षा यंत्रणेत झालेला बदल अधिक परिणामकारक ठरला. छापील बदनामी भारतीय दंड संहितेच्या कलम ५००खाली अदखलपात्र होती. पोलिस ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेत आणि तक्रारदाराला न्यायालयाचा रस्ता दाखवत. २००८च्या दुरुस्तीने कलम ७७-ब आणून तीन वर्षे व त्यावरच्या शिक्षेचे सायबर गुन्हे दखलपात्र केले, म्हणजे वॉरंटविना अटक शक्य झाली. तपासाचा अधिकारही उपअधीक्षकाकडून निरीक्षकाकडे उतरला. परिणाम असा की तेच वाक्य वर्तमानपत्रात छापले तर एनसी, आणि फेसबुकवर लिहिले तर रात्री दारात जीप.

इथे एक बारकावा सहसा निसटतो. तीन वर्षांचा गुन्हा त्याच ७७-ब खाली जामीनपात्र होता. नुसते ६६-अ लावले तर ठाण्यातच जामीन द्यावा लागे. म्हणून जोडीला दंड संहितेतले अजामीनपात्र कलम लावायची पद्धत पडली: १५३-अ (समाजगटांत वैर पसरवणे), २९५-अ (धार्मिक भावना दुखावणे) किंवा ५०५(२) (वैर वाढवणारी विधाने). यांतले १५३-अ हे १८९८चे, लोकमान्य टिळकांवरच्या १८९७च्या राजद्रोह खटल्यानंतर वर्षभराच्या आत सरकारने राजद्रोहाचे कलम १२४-अ अधिक व्यापक केले तेव्हाचे. २९५-अ हे १९२७चे. नव्या कलमाने दार उघडायचे आणि जुन्याने कडी लावायची, अशी ही जोडी होती.

कलम येण्यापूर्वी सारे आलबेल होते असे नाही. ११ जुलै २००६च्या मुंबईतल्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर दोनच दिवसांत दूरसंचार विभागाने सुमारे सतरा संकेतस्थळे आणि ब्लॉग बंद करायचा आदेश काढला. एकच पान अडवायचे तर सेवा देणाऱ्या कंपनीला प्रत्येक विनंतीतला पूर्ण पत्ता तपासावा लागतो. बहुतेकांकडे ती सोय नव्हती, की तसदी घ्यायची तयारी नव्हती. त्यांनी सरळ अख्खे डोमेन, म्हणजे संपूर्ण संकेतस्थळच, बंद केले. ब्लॉगस्पॉटवरचा प्रत्येक ब्लॉग, कवितांचा, पाककृतींचा, सगळे काही दिवस अनेक ग्राहकांपुरते गायब. २००३ मध्येही मेघालयातल्या एका फुटीरतावादी गटाच्या याहू ग्रुपवर बंदी घालताना अख्खे याहू ग्रुप्स असेच अडकले होते. तीन वर्षांत कोणी काही शिकले नव्हते.

२००७चे पुण्याचे प्रकरण याहून गंभीर. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आलेल्या बदनामीकारक मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला उचलले. आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) त्याचाच, असे दूरसंचार कंपनीने कळवले होते. ते चुकीचे होते. हे स्पष्ट होऊन सुटका होईपर्यंत येरवड्यात पन्नास दिवस गेले. अशी चूक होते कशी? घरगुती जोडणीचा आयपी पत्ता कायमचा नसतो, सकाळी माझ्याकडे असलेला रात्री शेजारच्या पेठेत जातो. म्हणून पत्त्याबरोबर तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि ती वेळ कुठल्या देशाची, हे तिन्ही लागते. परदेशी कंपनीच्या नोंदी बहुधा ग्रिनिच वेळेत असतात आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. हा हिशेब चुकला, किंवा सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली, की भलत्याच ग्राहकाचे नाव कागदावर येते. आणि ते नाव खरे मानूनच पुढचा पंचनामा होतो.

ऑर्कुटचीच आणखी एक घटना. केरळमधल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शिवसेनेवर टीका करणारा गट काढला, त्यावरून २००८ मध्ये ठाणे शहरात गुन्हा दाखल झाला. तो रद्द करा म्हणून विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेला. गटातले लोक आपसांत बोलत होते, हा त्याचा बचाव. फेब्रुवारी २००९ मध्ये सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या खंडपीठाने तो मानला नाही: इंटरनेटवर लिहिता तर ते कोण कोण बघते हे ठाऊक हवे, खटल्याला सामोरे जा. कुठल्याही गावातला वाचक आपल्या ठाण्यात फिर्याद देऊ शकतो आणि लिहिणाऱ्याला तिथवर खेटे घालावे लागतात, ही गोष्ट ब्लॉग लिहिणाऱ्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट उमगली.

२०१२ हे वर्ष ६६-अचे. एप्रिलमध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना ममता बॅनर्जींवरचे व्यंगचित्र मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक. मे महिन्यात मुंबईत विमान कंपनीचे दोन कर्मचारी फेसबुकवरच्या मजकुरासाठी बारा दिवस कोठडीत. सप्टेंबरमध्ये मुंबईतच व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर ६६-अच्या जोडीला थेट राजद्रोह. त्यांच्या प्रकरणाला पुढे खास मराठी फाटा फुटला. मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १२४-अ लावण्यापूर्वी जिल्हा विधी अधिकाऱ्याचे लेखी मत आणि दोन आठवड्यांत सरकारी वकिलाचे मत घ्यावे, असे ठरवून दिले. ते पोलिसांना कळवणारे परिपत्रक राज्य सरकारने ऑगस्टमध्ये मराठीत काढले. त्यातला अनुवाद असा उतरला की लोकप्रतिनिधींवर टीका करणे हाच राजद्रोह वाटावा. ऑक्टोबरमध्ये ते मागे घ्यावे लागले. नागरिकाला वाचवण्यासाठी दिलेला निकाल अनुवादात उलटा झाला!

मग पालघर, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा आणि मुंबई बंद. मुंबई आदराने नव्हे, भीतीने बंद आहे, अशा आशयाची पोस्ट एका तरुणीने लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली आणि पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. आधी २९५-अ लावले. पण मजकुरात धर्माचा संबंध कुठे? मग ते बदलून ५०५(२), सोबत ६६-अ. प्रत्येकी पंधरा हजारांच्या बंधपत्रावर जामीन. पुढे दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले, दंडाधिकाऱ्यांची बदली झाली, आणि २०१३च्या सुरुवातीला प्रकरण बंद झाले.

नोव्हेंबर २०१२च्या अखेरीस विधी शाखेच्या विद्यार्थिनी श्रेया सिंघल यांची ६६-अविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. केंद्राने जानेवारी २०१३ मध्ये सूचना काढली: ६६-अखाली अटक करायची तर महानगरात महानिरीक्षक आणि इतरत्र उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या. मे महिन्यात न्यायालयाने ती बंधनकारक केली. तरी अटकेआधी चौकशीला बोलावणे, फोन ताब्यात घेणे चालूच राहिले, कारण परवानगी लागत होती ती फक्त अटकेला. २०१४च्या निवडणुकीच्या धामधुमीत गोव्यातल्या एका जहाजबांधणी अभियंत्यावर नरेंद्र मोदींविषयीच्या फेसबुक पोस्टवरून गुन्हा नोंदला गेला. कलमे तीच: १५३-अ, २९५-अ, ६६-अ, शिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२५.

सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी ६६-अ संपूर्ण रद्द केले. निकालातला सर्वांत पटणारा भाग ब्रिटनच्या एका खटल्यावरचा आहे. तिथे एकाच मजकुरावर खालच्या दोन न्यायालयांनी ‘अतिशय आक्षेपार्ह नाही’ म्हटले आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘आहे’ म्हटले. कायदा शिकलेल्या न्यायाधीशांचे जिथे जमत नाही, तिथे रात्रपाळीच्या निरीक्षकाने आणि पोस्ट लिहिणाऱ्याने काय अंदाज बांधायचा? कलम जपून वापरू, असे आश्वासन सरकारी पक्षाने दिले होते. त्यावर न्यायालयाने म्हटले की सरकारे येतील आणि जातील, कलम मात्र कायम राहील. कलम रद्द करणाऱ्या निकालातले हे वाक्य पुढे भलत्याच अर्थाने खरे ठरले.

२०१९ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने न्यायालयाला दाखवून दिले की गुन्हे नोंदणे चालूच आहे. निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांना आणि मुख्य सचिवांना पाठवण्याचा आदेश झाला. मार्च २०२१ची आकडेवारी तरीही अशी होती: अकरा राज्यांत ७४५ खटले प्रलंबित, आणि निकालानंतर नोंदलेल्या गुन्ह्यांत सर्वाधिक, ३८१, महाराष्ट्रात. यामागे कट वगैरे नाही. फिर्यादीचा मसुदा जुन्या फिर्यादीवरून उतरवला जातो, कलमांची यादीही तशीच उतरते, आणि रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांसमोर ती कोणी वाचून दाखवत नाही. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने सर्व प्रलंबित प्रकरणांतून ६६-अचा उल्लेख काढायला सांगितले. प्रा. महापात्रा यांना अलीपूर न्यायालयाने मुक्त केले ते जानेवारी २०२३ मध्ये. एका व्यंगचित्रासाठी जवळपास अकरा वर्षे.

२०१५च्या निकालाने कलम ६९-अ मात्र शाबूत ठेवले होते. त्याखाली माणसाला नाही, मजकुराला अडवले जाते. २००९च्या नियमांत समिती आहे, बाजू मांडायला किमान ४८ तासांची मुदत आहे. पण तातडीच्या प्रसंगी आधी अडवून मग ऐकण्याची सोयही आहे, आणि नियम १६ प्रमाणे सगळे गोपनीय. ज्याचे पान गेले त्याला कारण कळेलच असे नाही, मग आव्हान कशाला द्यायचे? २०१४ मध्ये असे ४७१ पत्ते अडवले गेले होते, २०२० मध्ये ९,८४९. कलम ७९(३)(ब) हा दुसरा रस्ता. मजकूर काढण्याची सरकारी नोटीस धुडकावली तर कंपनीचे कायदेशीर संरक्षण जाते. ऑक्टोबर २०२४ पासून अशा नोटिसा ‘सहयोग’ या सरकारी पोर्टलवरून जातात. एक्स (पूर्वीचे ट्विटर) कंपनीने त्याला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळले. मुंबई उच्च न्यायालयाचा कल वेगळा दिसतो. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या, डिजिटल माध्यमांसाठीच्या आचारसंहितेच्या तरतुदींना त्याने स्थगिती दिली, तेव्हा याचिकाकर्त्यांत पत्रकार निखिल वागळे होते. आणि सरकारविषयीचा मजकूर खोटा ठरवू शकणाऱ्या सरकारी ‘फॅक्ट चेक युनिट’ची तरतूद विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या याचिकेवर सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाली.

फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. १५३-अचे १९६ झाले, २९५-अचे २९९, ५०५चे ३५३. ठाण्यातल्या मसुद्यात आकडे बदलले, जोडीची पद्धत तीच. अभिनेत्री केतकी चितळे यांना मे २०२२ मध्ये शरद पवारांवरच्या पद्यात्मक पोस्टवरून ठाणे पोलिसांनी अटक केली, तेव्हा राज्यभर वीसहून अधिक गुन्हे नोंदले गेले होते आणि सुटकेला सुमारे चाळीस दिवस लागले. एका गुन्ह्यात जामीन मिळाला तरी दुसऱ्या ठाण्याचे पथक ताबा मागायला उभे असते. सर्व गुन्हे एकत्र करून घ्यायचे तर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय गाठावे लागते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी हा २०१४च्या अर्नेशकुमार निकालाचा दंडक आहे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम ३५(३)मध्ये. नोटीस हाती पडली की पोस्टचा पत्ता, तारीख, वेळ यांची नोंद आधी ठेवावी आणि वकील गाठावा. घाबरून पोस्ट पुसली तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर येतो. फोन मुद्देमालात जमा होतो. पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक (फोनचा ओळख-क्रमांक) आणि त्यातल्या माहितीच्या प्रतीची हॅश किंमत (पुढे फेरफार झाला तर उघड करणारा आकडा) नोंदली गेली का ते सही करण्याआधी पाहावे, कारण न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून तो परत कधी येईल याचा भरवसा नसतो.