फुटकी टाकी आणि जिवंत झरा: ख्रिस्ती समाधानाची पार्श्वभूमी

परिस्थिती कशीही असो, देवाच्या ठायी तृप्त राहणे, याला ख्रिस्ती परंपरा समाधान म्हणते; त्याचे एक जुने चित्र पाण्याच्या टाक्याचे आहे. यरुशलेमभोवतीच्या यहूदाच्या डोंगराळ मुलखात बारमाही पाणी दुर्मीळ. लोक चुनखडीच्या खडकात टाकी खोदत आणि त्यांत पावसाचे पाणी साठवत. हा खडक पाणी पितो, म्हणून टाक्याला आतून चुन्याचा गिलावा करावा लागे. गिलाव्याला तडा गेला की पाणी नकळत जिरून जाई आणि ऐन उन्हाळ्यात तळाशी गाळ तेवढा उरे. इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या अखेरीस यिर्मया संदेष्ट्याने नेमके हेच चित्र उचलले (२:१३): लोकांनी जिवंत पाण्याचा झरा असलेल्या देवाला सोडले आणि पाणी न धरणारी फुटकी टाकी खोदली. तहान लागणे हा गुन्हा आहे असे तो कुठेच म्हणत नाही. जागा चुकली, एवढेच त्याचे म्हणणे. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात येशू याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी याच जिवंत पाण्याबद्दल बोलतो, आणि परतताना ती आपली घागर तिथेच ठेवून जाते (४:२८).

हबक्कूक हा संदेष्टाही साधारण यिर्मयाच्याच काळातला. त्याचे पुस्तक तक्रारीनेच सुरू होते: मी कोठवर ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? उत्तर मिळते ते आणखी घाबरवणारे. खास्दी, म्हणजे बाबेलचे, सैन्य चालून येणार आहे. मग तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो एकेक गोष्ट हिशेबातून वजा करत जातो. अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेतातले धान्य, मेंढरांचे कळप, गोठ्यातली गुरे. अंजीर नसले तर गोडवा जाईल. जैतून बुडाले की दिव्याचे आणि स्वयंपाकाचे तेल जाते. धान्य गेले की उपासमार. शेतीवर जगणाऱ्या घरात या सहांखेरीज फारसे काही नसतेच. त्यानंतर येतो तो ‘तरी’: तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. शेवटी तंतुवाद्यांवर गाण्याची सूचना आहे, म्हणजे हे एकट्याचे स्वगत राहिले नाही, उपासनेत गायले जाऊ लागले.

समाधानाच्या या परंपरेतला सर्वांत परिचित मजकूर म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय. पौल तेव्हा कैदेत होता; परंपरेनुसार रोममध्ये, इ. स. ६०-६२ च्या सुमारास. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती आणि हे पत्र एका अर्थी तिची पोच. तिथे, अकराव्या वचनात, तो समाधानासाठी ‘औतार्केस’ हा ग्रीक शब्द वापरतो. सुखदुःखात अविचल राहायला शिकवणाऱ्या स्तोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचा हा आवडता शब्द. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ स्वयंपूर्ण: ज्याला कोणाची, कशाची गरज उरलेली नाही असा. पौलाने शब्द त्यांचा घेतला, पण दोनच वचनांनंतर त्याचा पाया बदलला: हे बळ माझे नाही, मला सामर्थ्य देणाऱ्याचे आहे. आणि चौदाव्या वचनात तो लगेच म्हणतो की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगले केले. खऱ्या स्तोइकाला असे आभार मानणे अवघड गेले असते.

त्याहून मोलाचे क्रियापद आहे ‘शिकलो’. बाराव्या वचनात तर तो गूढपंथांतल्या दीक्षेसाठी वापरला जाणारा शब्द आणतो. समाधान हा शांत स्वभावाच्या माणसाला जन्मतः मिळालेला गुण असता, तर शिकण्याची भाषाच आली नसती. शिवाय त्याच्या अभ्यासक्रमात भूक आहे तशी तृप्तीही आहे. भरल्या ताटावर देवाला विसरणे सोपे असते. तेही शिकूनच टाळावे लागते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन याने यातला मानसिक भाग उलगडला. तरुणपणी त्याचा जिवलग मित्र वारला. थागास्ते गावात जिकडे पाहावे तिकडे त्याची उणीव जाणवे, म्हणून तो कार्थेजला निघून गेला. वर्षांनंतर ‘कबुलीजबाब’ हे आत्मकथन लिहिताना त्याने निदान केले: मरणाऱ्या माणसावर आपण, तो जणू मरणारच नाही, असे प्रेम केले. त्याने मित्रप्रेम चुकीचे ठरवले नाही, त्याचा क्रम चुकला असे म्हटले. देवामध्ये विसावेपर्यंत मन अस्वस्थच राहते, हे त्याचे म्हणणे याच ग्रंथाच्या आरंभी आहे.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने ही शिकवण प्रश्नोत्तरांत आणली. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतला २८ वा प्रश्न फार उपयोगी आहे: प्रतिकूलतेत धीर, अनुकूलतेत कृतज्ञता आणि पुढे जे येईल त्याबाबत भरवसा, असे तिन्ही काळांचे काम तो वाटून देतो. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या वर्षांत जेरेमाया बरोज या प्युरिटन धर्मोपदेशकाने समाधानावर प्रवचने दिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापली गेली. परिस्थिती इच्छेपर्यंत उंचावण्यापेक्षा इच्छा परिस्थितीपर्यंत खाली आणावी, हा त्याचा हिशेब. मात्र देवापुढे गाऱ्हाणे मांडणे किंवा रास्त मार्गाने सुटका शोधणे समाधानाच्या आड येत नाही, हेही त्याने स्पष्ट केले.

हे दुसरे वाक्य वारंवार विसरले गेले आहे. एकीकडे फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले, सामर्थ्य देणाऱ्याबद्दलचे तेरावे वचन बारावे गाळून यशाचे घोषवाक्य बनते. दुसरीकडे पीडिताला ‘समाधानी राहा’ सांगून गप्प केले जाते. दोन्हींवर उतारा स्तोत्रसंहितेतच आहे. तेराव्या स्तोत्राची सहा वचने मोजून पाहावीत: पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर’, पुढच्या दोनांत मागणे, शेवटच्या दोनांत भरवसा. प्रार्थना करताना बहुतेकांची गफलत इथेच होते. पहिली चार वचने उरकून ते थेट शेवटच्या दोनांवर येतात आणि मग शब्द पोकळ वाटतात. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर वळण येतच नाही, ते अंधारातच संपते. तरी ते देवाशीच बोललेले आहे, म्हणून संग्रहात राहिले.

आणि पौल स्वतः? प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पैच्याच तुरुंगात, पाय खोड्यांत असताना, तो आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री स्तोत्रे गातात. सकाळी अधिकारी गुपचूप सोडून द्यायला तयार होतात, तेव्हा तो नकार देतो: आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीविना आम्हाला चारचौघांत फटके मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. ते आले, आणि त्यांनी विनवणी केली.