कर्मिटचा हात बदलला : पार्श्वभूमी

मुंबईच्या रंगभूमीला रिप्लेसमेंट नवी नाही. चालत्या नाटकातला नट मालिकेच्या शूटिंगमध्ये अडकला की दुसरा उभा राहतो, जाहिरातीत नाव बदलतं आणि शिवाजी मंदिरच्या खिडकीवर तिकीट काढणारा काय ते ठरवतो. बोलक्या बाहुलीच्या बाबतीत प्रेक्षकाला ही संधीच मिळत नाही. चेहरा तोच, नाव तेच. आतला हात आणि आवाज तेवढा दुसऱ्याचा. ‘मपेट्स’ या अमेरिकी बाहुल्यांच्या संचातल्या कर्मिट बेडकाचा कलावंत बदलल्याची बातमी जुलै २०१७ मध्ये बाहेर आली, तेव्हा प्रत्यक्ष निर्णयाला नऊ महिने उलटून गेले होते.

कर्मिटचा जन्म १९५५ चा, वॉशिंग्टनच्या एका स्थानिक वाहिनीवरचा. त्याचा निर्माता जिम हेन्सन याने आईच्या जुन्या कोटाचं कापड घेतलं, पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे भाग डोळे म्हणून लावले. बेडूक तो नंतर झाला. सुरुवातीला साधारण पालीसारखा प्राणी होता. पुढची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे.

पण त्याची रचना समजून घेतल्याशिवाय कलावंत बदलण्यावरून झालेल्या वादातली मेख कळत नाही. कर्मिटच्या डोक्यात कडक साचा नाही. मऊ कापडाखाली थेट पपेटियरची, म्हणजे बाहुली चालवणाऱ्याची, बोटं असतात: अंगठा म्हणजे खालचा जबडा, चार बोटं म्हणजे वरचा. मूठ आवळली की चेहरा आक्रसतो, बोटांची पेरं जरा वर उचलली की कपाळाला आठी पडल्यासारखं दिसतं. म्हणजे त्याचे सगळे हावभाव एका विशिष्ट पंजाचे असतात. उजवा हात डोक्यात गुंतलेला, म्हणून बाहुलीच्या हाताची काडी डाव्या हाताने चालवायची. मपेट्समधली बहुतेक पात्रं डावखुरी दिसतात ती त्यामुळेच. पपेटियरची नजर बाहुलीवर नसते, खाली ठेवलेल्या मॉनिटरवर असते, आणि तिथली प्रतिमा आरशासारखी उलटी होत नाही. नवशिका हमखास चुकतो ते लिप-सिंकमध्ये, म्हणजे शब्दांबरोबर तोंड हलवण्यात. शब्द आला की अंगठा खाली जायला हवा. त्याची मात्र वरची बोटं उडतात आणि बाहुली प्रत्येक शब्दाला मान मागे टाकते.

शिवाय हलवणारा आणि बोलणारा माणूस एकच. आपल्याकडे ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचूची बाहुली चालवणारा एक आणि आवाज देणारा दुसरा होता. तिथे एकाला बदलून भागलं असतं. कर्मिटच्या बाबतीत माणूस गेला की सगळंच जातं.

तसा प्रसंग १६ मे १९९० रोजी आला. निर्माता ५३ व्या वर्षी अचानक वारला. कुटुंबाने पात्र चालू ठेवायचं ठरवलं आणि १९७८ पासून त्याच संचात काम करणाऱ्या एका सहकाऱ्याच्या हाती कर्मिट दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात नवा आवाज ऐकू आला. तो वेगळा आहे हे कानाला कळत होतं. कुरबुरी झाल्या, मग सवय झाली, आणि त्यानंतर जन्मलेल्या पिढीसाठी तोच खरा आवाज ठरला.

२००४ मध्ये पात्रांची मालकी कुटुंबाकडून एका बड्या मनोरंजन कंपनीकडे गेली. पुढच्या भांडणाचं मूळ मला इथेच दिसतं. मालक एकीकडे, मूळ माणसाची आठवण सांगणारं कुटुंब दुसरीकडे आणि पात्र रोज हातात घालणारा कलावंत तिसरीकडे. पात्र कसं वागेल, हे या तिघांपैकी कोण ठरवणार?

ठिणगी पडली ती २०१५-१६ च्या मालिकेत. ती मोठ्यांसाठी, माहितीपटाच्या धाटणीत केलेली होती आणि कर्मिट आणि त्याची प्रेयसी मिस पिगी यांची ताटातूट हा तिचा पाया होता. १९९० पासून कर्मिट चालवणाऱ्या या कलावंताचं म्हणणं असं की कर्मिट काय करेल आणि काय करणार नाही, हे आपण वरिष्ठांना लिहून कळवत होतो. त्याचं ठळक उदाहरण पुतण्याचं आहे: ताटातुटीबद्दल कर्मिट चिमुकल्या रॉबिनशी खोटं बोलणारच नाही, असा त्याचा आग्रह होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याला फोनवर सांगण्यात आलं की भूमिका दुसऱ्याला दिली जात आहे. या सूचना आणि कलाकार संघटनेशी संबंधित एक मतभेद, अशी दोन कारणं आपल्याला सांगितली गेली, असं तो म्हणतो. मधल्या महिन्यांत त्याने तडजोडीचे पर्याय सुचवले, पण उपयोग झाला नाही.

कंपनीने वर्षानुवर्षांच्या ‘अस्वीकार्य व्यावसायिक वर्तना’कडे बोट दाखवलं. याहून धक्का बसला तो कुटुंबाच्या बोलण्याने. निर्मात्याच्या मुलांनी कलावंताची नव्हे, कंपनीची बाजू घेतली. त्याच्या हाती कर्मिट कडवट आणि रडका झाला, असं एका मुलीने लिहिलं. तो लेखकांवर, दिग्दर्शकांवर पत्रांतून तुटून पडायचा, असं दुसरीने सांगितलं. हा बदल आधीच करायला हवा होता, असा मुलाचा सूर होता. जवळपास २७ वर्षं पात्र सांभाळलेल्या माणसाला एका फोनवर निरोप द्यायचा आणि मग त्याच्या स्वभावाचा पाढा चारचौघांत वाचायचा, यात शोभा नव्हती. पण कुटुंबाच्या तक्रारीतला एक मुद्दा बातम्यांमध्ये उगाच मागे पडला. हा कलावंत आपल्या हाताखाली बदली पपेटियर तयार करायला तयार नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. हे खरं असेल तर बाकीच्या आरोपांपेक्षा वजनदार आहे.

आपल्या अर्धवटराव या बोलक्या बाहुलीला हा प्रश्न पडला नाही, कारण बाहुली आणि हात एकाच, पाध्यांच्या, घरातले. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वडिलांनी घडवलेली ही बाहुली १९६७ पासून मुलाने चालवली, आणि आता नातूही शब्दभ्रमाचे प्रयोग करतो. तिथे करार नाही आणि वरिष्ठही नाहीत. प्रसारणाच्या मोठ्या धंद्यात असं घर नसतं. उमेदवारीची, म्हणजे हाताखाली शिकून तयार होण्याची, व्यवस्था मुद्दाम करावी लागते.

ती केलेली दिसते ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमातल्या बिग बर्डच्या बाबतीत. सव्वाआठ फुटी पिवळ्या पक्ष्याच्या आतला माणूस उजवा हात डोक्यावर ताठ धरून चोच हलवतो, करंगळीने पापण्यांची खिट्टी ओढतो, आणि छातीला बांधलेल्या छोट्या मॉनिटरवर बाहेरचं बघतो. डावा पंख डाव्या हातात असतो. उजवा पंख भरीव, गळ्याखालून नेलेल्या मासेमारीच्या दोऱ्याने डाव्याला जोडलेला. १९६९ पासून हे एकच कलावंत करत होता. नव्वदच्या दशकातच त्याच्या हाताखाली एक उमेदवार आला. २०१५ मध्ये म्हाताऱ्याचा तोल सावरेना, तेव्हा पोशाखात उमेदवार आणि आवाज जुना, अशी वाटणी झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये, ८४ व्या वर्षी, मूळ कलावंताने निवृत्ती घेतली आणि आवाजही उमेदवाराकडे आला.

हा उमेदवार म्हणजे तोच पपेटियर, ज्याच्या हाती त्याच्या सव्वा वर्ष आधीच कर्मिट देण्यात आला होता.