मुद्दाम रोगट ठेवलेले शेत

जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. त्याने विकसित केलेले बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, बीडीएन ७११ हे तुरीचे वाण मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पण असा वाण तयार होण्यासाठी आधी एक शेत वर्षानुवर्षे जाणूनबुजून रोगट ठेवावे लागते, हे फारसे कोणी सांगत नाही.

तुरीचे दोन रोग विशेष घातक आहेत. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी जमिनीतल्या धसकटांवर सुमारे तीन वर्षे तग धरते, मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते आणि जमिनीत ओल असतानाही ऐन फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना झाड वाळवते. शेतकरी म्हणतो, ‘तूर उबळली.’ खोड उभे चिरले की आत काळपट रेषा दिसतात. वांझ रोगात झाड मरत नाही, हिरवेच राहते. मात्र पाने बारीक व पिवळसर होतात, झुडूप दाट होते आणि फुले लागत नाहीत. हा रोग १९३१ साली बिहारमधील पुसा येथे नोंदवला गेला, तरी त्यामागचा विषाणू निश्चित व्हायला २००० साल उजाडले. तो पसरवणारा कोळी (पानांवर राहणारी सूक्ष्म कीड) जेमतेम ०.२ मिलिमीटर लांबीचा असून वाऱ्याबरोबर दूरवर जातो. रोगाचे कारण पुरते कळण्याआधीच प्रतिकारक वाण शोधण्याचे काम सुरू झाले होते, ही या संशोधनातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब आहे.

ते शक्य झाले चाचणीच्या साध्या पद्धतींमुळे. मर रोगासाठी रोगट झाडांची धसकटे बारीक करून एकाच जमिनीत दरवर्षी मिसळतात. वांझ रोगासाठी रोगट पान कोवळ्या रोपाच्या पानावर चक्क स्टेपलरने टाचतात. ते पान सुकू लागले की त्यावरील कोळी ताज्या पानावर सरकतात. या माऱ्यातून जी झाडे तगतात, त्यांचेच बी पुढच्या पिढीसाठी घेतले जाते.

रोग टळला तरी पाण्याचा प्रश्न उरतोच. सुमारे १८० दिवसांच्या वाणाला हलक्या-मध्यम जमिनीत शेंगा भरताना ओल पुरत नाही, म्हणून १५० ते १६० दिवसांत येणारा बीडीएन ७११ तेथे सोयीचा ठरतो. भारी काळ्या जमिनीत, संरक्षित पाणी (गरजेच्या वेळी देता येणारे सिंचन) असेल तर, उशिराचा वाण निवडण्यात काही चूक नाही.

तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीकरणही बरेच होते. शेजारच्या वाणाचा पराग आला की घरच्या बियाण्यातील प्रतिकारशक्ती काही पिढ्यांत विरळ होत जाते, त्यामुळे पैदासकार बियाण्याचे (वाणाच्या मूळ शुद्ध बियाण्याचे) क्षेत्र इतर तुरीपासून दूर ठेवावे लागते.