सायटेशनचा आकडा आणि संशोधकाचं काम

"ज्याची सायटेशन जास्त, तो संशोधक मोठा" असा मेसेज पुण्यात पीएचडीचे गाइड शोधणाऱ्या मुलांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं स्वाभाविक आहे. आकडा लगेच दिसतो, काम वाचायला वेळ लागतो.

सायटेशन म्हणजे दुसऱ्या लेखाच्या संदर्भसूचीत झालेला उल्लेख. तो कौतुकाचा असेल, चूक दाखवणारा असेल किंवा नुसती डेटासेट (संशोधनासाठी गोळा केलेला माहितीचा संच) वापरल्याची नोंद असेल. मोजणीत सगळे सारखेच. मशीन लर्निंगमध्ये, म्हणजे संगणकाला माहितीवरून शिकवण्याच्या विषयात, तर डेटासेट, सॉफ्टवेअर आणि आढावा घेणारे लेख भरपूर उल्लेख मिळवतात. शिवाय वीस जणांनी लिहिलेल्या लेखाला ४,००० उल्लेख मिळाले, तर प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण ४,००० जमा होतात. आणि या विषयात लेखच इतके निघतात, की शुद्ध गणितातल्या माणसाशी तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं.

लेखांची संख्या आणि त्यांचे उल्लेख एकाच आकड्यात मांडणारा, २००५ मध्ये मांडलेला एच-इंडेक्सही अपुराच. तो १० म्हणजे किमान १० उल्लेख मिळालेले १० लेख. त्यातल्या एकाला ५०,००० मिळाले तरी १०च.

पडताळायचं तर लेख उल्लेखांच्या क्रमाने लावा. सगळा आकडा एकाच लेखाचा आहे का, ते पाहा. मग उल्लेख करणारे चार-पाच लेख उघडून ते नेमकं वाक्य वाचा. त्याला एक संध्याकाळ पुरते.